आईचे चौसष्ट रुमाल

२१ ऑगस्ट, शुक्रवार, सकाळी ११.२०
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसाची सुरुवात कशी झाली याची नोंद नको? निश शहरातल्या कॉलेजात आय.टी.ला माझं नाव लागलं. यादीत शेवटचं, पण यादी खालूनही वाचता येते. पत्रात लिहिलंय, १ ऑक्टोबरला येताना घरातल्या कुणाच्या तरी कामाची छोटी वेबसाइट करून आणा, नाहीतर जागा पुढच्याला जाईल. छोटी! हसू आलं.
विषय ठरला: आई क्रोशाचे रुमाल विणते, बाजारात विकते. मी ते आमच्या लेस्कोवाट्स गावातून थेट जगभर विकणार.

२२ ऑगस्ट
वेळापत्रक केलं. पहाटे सहा ते नऊ कोडिंग. आज शनिवार, तेव्हा सोमवारपासून. आई सकाळपासून कुठे गेली कोण जाणे. कॉफी स्वतः करावी लागली.

२४ ऑगस्ट, दुपारी १.००
श्रीगणेशा. ‘प्रोजेक्ट’ नावाचं फोल्डर केलं. त्यात ‘अंतिम’. त्यात ‘अंतिम खरं’. पाया भक्कम झाला. मग डोकं शांत करायला फुटबॉलचा गेम. त्यात मी एका क्लबचा मॅनेजर आहे. मॅनेजमेंटही शेवटी कॉम्प्युटरवरच चालतं.

३० ऑगस्ट
आईने डिझाइनं सांगितली. चौसष्ट! द्राक्षाची वेल, कोळ्याचं जाळं, आजेसासूचा गुलाब... दोन तास सांगत होती. मी लॅपटॉपपुढे बसून मान डोलावत होतो. टाइप केलं नाही, माझी स्मरणशक्ती चांगली आहे. हे सगळं आत जातंय ना रे, असं तिने विचारलं. जातंय म्हणालो. तिने लॅपटॉपच्या पाठीवरून हात फिरवला आणि द्राक्षाच्या वेलीचा, सगळ्यात चांगला रुमाल त्याच्यावर घातला. टीव्हीवर आहे, रेडिओवर आहे, विजेच्या मीटरवर आहे, मग यानेच काय घोडं मारलंय, म्हणाली.

७ सप्टेंबर
समोरच्या घरातली दुशित्सा माझ्याच वर्गात येणार आहे. तिच्या बाबांच्या मधमाश्यांची साइट झाली म्हणे. चार पानं. बिचारी. मी म्हटलं, चार पानं म्हणजे पोरखेळ. तर म्हणते, तुझी दाखव की. मी म्हणालो, गोपनीय आहे. ती बराच वेळ हसत होती. मत्सर.

१३ सप्टेंबर
आयवारचा, म्हणजे वर्षभराच्या मिरचीच्या चटणीचा, हंगाम. अंगणात चूल, ऐंशी किलो लाल ढोबळी मिरची भाजायची, सोलायची, मग कढईत तास न् तास ढवळायची. सालं काढून बोटं चिकट झाली. असल्या हातांनी कीबोर्डला शिवणं धोक्याचं. तीन दिवस कोडिंग बंद. माउस मात्र धुता येतो. माझा संघ वरच्या डिव्हिजनमध्ये गेला!

१८ सप्टेंबर, दुपारी ४.१०
उकाडा. दोन्ही खिडक्या उघडू म्हटलं तर आई ओरडली, वारा आरपार गेला की मान धरते, पलीकडच्या स्टोयादिनकाकांचं तोंड वाकडं झालं ते विसरलास का? बंद खोली. लॅपटॉप गादीवर, वर रुमाल, आत गेम चालू. जेवून आलो तर जळका वास. स्क्रीन काळी. लॅपटॉप मेला.

४.२५
सुटलो! म्हणजे, फार वाईट झालं.

५.००
आईला सांगितलं. तीस पानं तयार होती, चौसष्टच्या चौसष्ट रुमाल आत होते, सगळं जळालं. रुमालाने श्वास कोंडला त्याचा. हे शास्त्रीयदृष्ट्या खरं आहे. आई मोरीच्या कट्ट्यावर बसून राहिली.

१९ सप्टेंबर
आईने घरातले सगळे रुमाल काढून पिशवीत कोंबले. टीव्हीवरचा, रेडिओवरचा, मीटरवरचासुद्धा. घर सोललेल्या कोंबडीसारखं दिसतंय. कॉलेजला हृदयद्रावक पत्र पाठवलं. वाचून माझेच डोळे भरून आले.

२३ सप्टेंबर
आई जुन्या वहीत चौसष्ट डिझाइनं पुन्हा लिहितेय, चित्रांसकट. मला परत टाइप करायला सोपं जावं म्हणून. सतरा झाली. चष्मा लावून वाकून बसते. माझ्याच हाताने पोराचं वर्ष बुडवलं, असं मावशीला फोनवर सांगत होती. मी खोलीचं दार लावून घेतलं. वारा आरपार जात होता.

२५ सप्टेंबर
कॉलेजातल्या ताशिचबाईंचं उत्तर आलं. फार वाईट वाटलं, पण घाबरू नकोस, लॅपटॉप घेऊन ये. जळलेल्या मशीनमधून सगळं बाहेर काढायला आमची लॅब आहे, मुलांना सरावही होईल.
हे आय.टी.चं कॉलेज आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.
आईला आनंदाने रडू आलं. गल्लीभर सांगून आली.

२८ सप्टेंबर
निर्णय: लॅपटॉप नदीत. अडचण: आईने तो टॉवेलात गुंडाळून कपाटात कुलूपबंद केलाय. किल्ली तिच्या गळ्यात.

३० सप्टेंबर
दुशित्साकडे गेलो. तुझा लॅपटॉप दे, आजच्या आज साइट करतो. ती म्हणाली, घे की, पण आधी घरी जाऊन आईला खरं सांग. घरी आलो. आई एकसष्टाव्या रुमालावर होती. म्हटलं, मधेच कशाला थांबवा? उद्या सांगू.

१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३०
आई बसमध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी दुशित्सा. बाईंसाठी आयवारची बरणीही घेतली होती. लॅबमध्ये भिंतीवर मोठी स्क्रीन. दुसऱ्या वर्षाच्या पोराने वायरी जोडल्या आणि अभिमानाने म्हणाला, एक अक्षरही गेलेलं नाही. ‘प्रोजेक्ट’ उघडलं. त्यात ‘अंतिम’. त्यात ‘अंतिम खरं’. ते रिकामं. शेजारी गेम: तीनशे अकरा तास. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.
आईला स्क्रीनवरचं काही कळत नाही. तिने दुशित्साला हळूच विचारलं, रुमाल पुढच्या पानावर आहेत का गं? दुशित्साने माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो, नाहीत आई. कधीच नव्हते. तुझ्या रुमालाने काही केलं नाही.
आईने पिशवीतून वही काढून बाईंपुढे ठेवली. चौसष्ट आहेत, हे चालेल का, म्हणून विचारलं. बाई वही बराच वेळ चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, ताई, तुमचा अभ्यास झाला, याचा नाही. माझी जागा पुढच्याला गेली. येताना बसमध्ये आईने वही दुशित्साच्या हातात दिली. रुमालांच्या साइटला चार पानं पुरतील, असं दुशित्सा म्हणाली.
घरी येऊन आईने सगळे रुमाल जागच्या जागी घातले. द्राक्षाच्या वेलीचा मेलेल्या लॅपटॉपवर घातला. आता झाकला तरी चालेल, म्हणाली. मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.
मी म्हटलं, आई, उद्यापासून बाजारात तुझं टेबल उचलायला मी येतो. नक्की.
ती म्हणाली, बाजार शनिवारी असतो. तेवीस वर्षं शनिवारीच असतो.