शोलावरमच्या गाडीचा रंग

२ फेब्रुवारी १९८३, बुधवार

मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा दोन इंच रुंद होती. बाबालाल मिस्त्रींनी आज स्वतः सांगितलं. मूळ गाडी त्यांनीच बांधलेली, म्हणजे वाद संपला. मी चारही चाकं सारखी कातून घेतली होती. मागची दोन बाद!

शिरोलीच्या कारखानदारांचं प्रदर्शन वीस तारखेला, रविवारी उघडतंय. मधल्या टेबलावर माझं मॉडेल असणार. एकोणसत्तर साली मद्रासजवळ शोलावरमच्या शर्यतीत दुसरी आलेली रेसची गाडी, कोल्हापुरात बांधलेली. खरी गाडी बहात्तरला भंगारात गेली. उरलंय काय? तीन काळेपांढरे फोटो, आमच्या पेपरातलं एक कात्रण आणि बाबालालभाई. वय अडुसष्ट. मॉडेलशेजारी त्यांनी उभं राहायचं आणि लोकांना गाडी समजावून सांगायची, असं ठरलंय. चौदा वर्षांत त्यांना असं कुणी बोलावलं नव्हतं. आज दोनदा विचारलं, "लई मान्सं येत्यात काय ओ, सायेब? न्हाय, नवा सदरा शिवाय टाकलाय."

अजून अठरा दिवस. ज्याने सगळी उमर संध्याकाळी सहाच्या आत पेपरचं पान छपाईला सोडण्यात घालवली, त्याला ही चैनच!

५ फेब्रुवारी

सांगाडा उभा राहिला. सावरीचं लाकूड कोरून अंग केलं, नाकाला तेलाच्या डब्याचा पत्रा. खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश. टायर जुन्या स्लिपरच्या रबराचे, कडा पाणीपेपरने गोल केल्या. मीनाक्षी म्हणाली, "ही तुमची लेक नांदायला कधी जाणार?" म्हटलं, वीस तारखेला. "बरं. तोवर माझी परात तरी सोडा. भाकरी कशात मळू?"

६ फेब्रुवारी, रविवार

आज रंग फवारायचा एअरब्रश काढला! आमच्या ब्लॉक विभागातला, जुना. फोटोतल्या पुढाऱ्यांची पोटं आत घालण्यात त्याची हयात गेली. यज्ञेश्वर रीटचर निवृत्त होताना माझ्या हातात देऊन म्हणाला होता, "याच्यावर रागावू नका. रागावलात की थुंकतो."

फाउंटन पेनासारखा धरायचा. बोटाखाली खटका — दाबला की हवा, मागे ओढला की रंग. हवेसाठी कॉम्प्रेसर कुठला? ट्रकची जुनी ट्यूब पंपावर टम्म भरून रिक्षातून आणली. रिक्षावाला म्हणतो, "पंचगंगेत पोहाय जाताय व्हय?" वर्तमानपत्रावर सराव केला. पहिले दोन तास नुसत्या शिंतोड्यांचे. मग एकाएकी हात बसला — केसाएवढी रेघ आली, आणि तीच धुरासारखी पसरत गेली. मोठ्याने ओरडलो! शेजारच्या आक्का खिडकीत आल्या. "काय झालं ओ?" काय सांगणार? म्हटलं, रेघ आली. "बरं," म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

९ फेब्रुवारी

अस्तराचा हात वाळला. गुऱ्हाळाची काजळी उडून बसली, सगळं पुन्हा घासलं.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

लाल झाली! ड्यूको रंगाचे पाच हात, एकेक पातळ, मध्ये पाणीपेपर. शेवटच्या हाताला श्वाससुद्धा जपून घेतला. नाकापासून शेपटीपर्यंत एकही ओघळ नाही. त्यात माझा चष्मा दिसतो. सेलोटेप सोलून काढताना गाडीच्या नंबराच्या आकड्याची कड अशी स्वच्छ उठली की मीनाक्षीला हाक मारून दाखवली. तिने पदराला हात पुसले. "हात लावू?" म्हणाली. लावू दिला नाही.

नऊ दिवस हातात ठेवून काम पुरं. उद्या बाबालालभाईंना बोलावलंय.

१२ फेब्रुवारी, शनिवार

बाबालालभाई आले. वाकून चाकं बघितली, मान हलवली. आरशाची जागा बघितली, मान हलवली. मग म्हणाले, "झ्याक केलाय. पर ही कुनाची गाडी?"

"तुमची!"

"माझी हिरवी हुती की."

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "शिरोलीत तेलइंजिनावर मारतो त्योच हिरवा. कारखान्यात दुसरा रंग हुता कुठं? मद्रासला धाडायच्या आदल्या दिवशी म्या मारला, ह्या हातानं." मी कात्रण पुढे केलं. 'कोल्हापूरचा लाल बाण' — तीन कॉलमी मथळा. ते म्हणाले, "मला कुठं वाचाय येतंय? लोकं लाल बाण, लाल बाण म्हनायची. म्या म्हटलं, आसंल कायतरी पदवी."

जाताना दारात थांबले. "सायेब, राग मानू नगा. लाल गाडीपाशी म्या हुबा ऱ्हानार न्हाय. मानूस इचारनार, ही तू केलीस का? काय सांगू?"

चहा तसाच राहिला.

१३ फेब्रुवारी, रविवार

नृसिंहरावांकडे गेलो. गाडीचे मालक, चालवणारेही तेच, आणि प्रदर्शनाचे अध्यक्ष. "लालच! अहो, बाबालालचं वय झालं." भिंतीकडे बोट केलं — तिथे आमचं कात्रण, चौकटीत. पोस्टरवरही लाल गाडी छापून झालीय. मी विचारलं, "कात्रण बाजूला ठेवा. तुम्हाला स्वतःला काय आठवतंय?" त्यांनी चौकटीकडे पुन्हा बघितलं. मग, "खरं सांगू? गाडी ट्रकनं गेली, मी रेल्वेनं. उतरलो तो थेट आत बसलो. आतून सगळं काळं! परत आली ती ताडपत्रीखाली, तशीच भंगारात गेली. बाहेरनं मी ती बघितली कधी?"

सगळं गाव माझ्या कात्रणावर विसंबून. आणि मी? मीही त्याच कात्रणावर!

१४ फेब्रुवारी, सोमवार

कचेरीत एकोणसत्तरची फाईल काढली. बातमी माझीच. वाचता वाचता तो दिवस आठवला. मद्रासहून ट्रंककॉल, दुसरा नंबर आला एवढं ऐकू आलं. मी विचारलं, रंग कोणता? तेवढ्यात लाईन तुटली. पान अडलेलं. मथळ्यात 'बाण'च्या आधी दोन अक्षरांची जागा मोकळी. रेसची गाडी म्हणजे लालच असणार, म्हणून 'लाल' भरलं आणि पान सोडलं.

गाडी बांधणाऱ्याचं नाव बातमीत कुठेच नाही. ते विचारायचं सुचलंसुद्धा नव्हतं.

संपादकांना सांगितलं. "चौदा वर्षांनी चूकदुरुस्ती? लोक हसतील." म्हटलं, हसू देत. "कुठं टाकणार?" — "पहिल्या पानावर. मथळा तिथंच होता." चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आठ ओळी. नववी नाही." साडेसात ओळींत बसवली!

१५ फेब्रुवारी

थिनरने सगळा लाल उतरवला. पाच हात जायला पाऊण तास. मीनाक्षी दाराशी उभी. जुनं धोतर फाडून फडकी देत राहिली.

१६ फेब्रुवारी, बुधवार

छापून आली. 'ती गाडी हिरवी होती व ती बाबालाल मिस्त्री यांनी बांधली होती. चूक या पत्राची आहे.' बाबालालभाईंच्या घरी जाऊन वाचून दाखवली. शहाजादीभाभी आतून म्हणाल्या, "नाव फिरून वाचा." फिरून वाचलं. बाबालालभाई कान खाजवत म्हणाले, "सदरा परवा मिळतोय."

नृसिंहरावांचा फोन — "पोस्टरवर हिरवा कागद चिकटवतोय, दुसरं काय करू! गाव फोन करून विचारतंय, गाडी तरी तुम्हीच चालवली का?"

१७ फेब्रुवारी

शिरोलीहून इंजिनाचा तोच हिरवा आणला. दाट निघाला, एअरब्रशच्या नळीत बसेना. निम्म्याला निम्मा थिनर घालून दोनदा गाळला. दोन हात झाले. लालपेक्षा देखणी दिसतेय! हे लाकडाचं खेळणं नाही वाटत, कुठूनतरी काम करून आल्यासारखं वाटतं. ट्यूबमधली हवा शेवटच्या पट्ट्याला संपली, पुन्हा भरून आणली. रिक्षावाला तोच. उद्या शेवटचे दोन हात, परवा आकडा. बसतंय, नेमकं बसतंय!

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी कचेरीत एकजण आला. केरबा, मुरगूडचा. हातात बुधवारचा अंक. उभ्या उभ्याच म्हणाला, "त्यी हिरवी गाडी माज्या गोठ्यात हाय. बहात्तरला भंगारवाल्याकडनं घेटली, वासरांची वैरण टाकाय बरी पडती. पोरं म्हनायची, रेसची हाय. पर तुमच्या पेपरात लाल हुती की ओ! म्हनून म्या म्हटलं, ही ती न्हवं."

उद्या सकाळी सातला गाडी आणायला शिरोलीहून मुरगूडला ट्रक निघेल. नृसिंहराव दोर आणि फळ्या घेऊन येणार. बाबालालभाईंनी ड्रायव्हरशेजारची जागा आत्ताच मागून घेतली. केरबाची एकच अट — वासरांना नवी गव्हाण. मॉडेलचे शेवटचे दोन हात राहिलेत. राहू देत.