पहिल्या पासाला लाभ

शेणवा, ता. शहापूर
१८ ऑगस्ट २०२४

ती. स्व. देवजीमामा आणि मामी यांना,
रंजिताचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठीक आहेत. तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी इथून ओरडायचं, मामीने तेच तुमच्या कानाशी ओरडायचं, आणि तोवर सिद्धगडाआड रेंज गेलेली असते. त्यापेक्षा पोस्टमन बरा.

माझा पाय सरावात मुरगळला. यंदाचा मोसम मी खेळत नाही, त्यामुळे आईचा जीव भांड्यात पडला आहे आणि माझा बाकावर. पण आमच्या कॉलेजातल्या खेळाच्या भगीरथ सरांनी मला मोकळी सोडली नाही. मुलींच्या बास्केटबॉल संघाचे आकडे ठेवायचं काम दिलं आहे. कोणी किती गुण केले ते पंच लिहितात. पण आपल्यातल्या कोणाच्या पासवर दुसरीने बास्केट केलं हे त्यांच्या कागदावर नसतं, ते आम्ही टिपायचं. मी बघून पुकारते आणि मितेश खाली मान घालून रेघा मारतो. मितेश आमच्या वर्गातला, आटगावचा. स्टेशनजवळ त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. संध्याकाळी तो सगळं कॉम्प्युटरवर चढवून सरासरी काढतो.

हे पास मोजायचे ते मुख्यतः रत्नासाठी. रत्ना आमच्या गावाबाहेरच्या वाडीतली, सावळ्याची मुलगी, शेवटच्या वर्षाला आहे. बाकीच्या मुली जाळीकडे बघतात, ही बघते कोण मोकळी आहे. दिवाळी झाली की वाडीतली घरं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. सावळ्याने सांगून टाकलं आहे की विद्यापीठाच्या शिबिरात निवड झाली, राहण्याजेवणाची सोय झाली, तर पोरगी शिकेल, नाय तर भट्टीवर येईल. त्यामुळे हा मोसम तिच्यासाठी नुसता खेळ नाही.

तुम्हाला आवडेल अशी गोष्ट शेवटी ठेवली. तुमच्या खळ्यावर भात मोजताना पहिल्या पायलीला एक म्हटलं म्हणून तुम्ही माझ्या डोक्यात टपली मारली होती. पहिलीला लाभ म्हणायचं, मग दोन, तीन. ते अंगात भिनलंय. इथे मी मुलींची नुसती नावं पुकारते, पण सामन्यातला तिचा पहिला पास असला की म्हणते, रत्नाला लाभ. मोजणी शुभ झालेली बरी.

मामीच्या गुडघ्याला जपा म्हणावं. भाचीवरची माया माझ्या पायासारखी लंगडी होऊ देऊ नका.

तुमची,
रंजिता


सिद्धगड पायथा, ता. मुरबाड
४ सप्टेंबर २०२४

चि. रंजिता हिला अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. मामीने एकदा वाचून दाखवलं, मला ऐकू आलं नाही, म्हणून चष्मा लावून मीच वाचलं. पाय कसा आहे ते तू लिहिलंच नाहीस. मुरगळलेल्या पायाला निरगुडीचा पाला गरम करून बांध.

तुझा खेळ मला पुरता कळला नाही. टोपलीला बूड नाही, टाकलेला चेंडू खाली पडतो, आणि पडला की गुण. आमच्याकडे बूड नसलेल्या टोपलीला मामी चुलीत घालते. पण त्या रत्नाचं कळलं. स्वतः न टाकता दुसरीच्या हातात नेमका चेंडू द्यायचा, हे काम अवघड असणार. लावणीला रोपांची मूठ फेकणारा चांगला असला तर लावणाऱ्याला मान वर करावी लागत नाही, तसंच ते. पण मूठ फेकणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही. तुम्ही तिचे पास मोजता हे चांगलं करता.

लाभाचं वाचून बरं वाटलं. आमच्या भरतला विचारलं की पहिल्या पायलीला काय म्हणतात, तर तो मोबाइलमधून मान वर न काढता एक म्हणाला. पोटच्या पोराला नाय, भाचीला आठवतंय, यावर मामी दोन दिवस त्याला बोलत होती. तू असंच म्हणत जा.

भात पोटरीला आलंय. घरी सगळ्यांना विचारल्याचं सांग. डोंगरापलीकडे असलो तरी आम्हाला जवळच धर.

तुझा मामा,
देवजी


शेणवा
२७ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. मामा-मामींना,
सा. न. वि. वि.

मोसम संपला. बारा सामने, सात जिंकले, पाच हरलो. आमच्या कॉलेजाने आजवर कधी तीनच्या वर जिंकले नव्हते, म्हणून शहापूरला सरांनी सगळ्यांना वडापाव दिला. फ्री थ्रोमध्ये मात्र आमची अब्रू गेली. समोर कोणी आडवं नसताना शांतपणे टाकायचा चेंडू, तो दहांतून चारदाच जाळीत गेला. मितेशने त्याचा लाल रंगाचा तक्ता करून भिंतीवर लावला, दर्शनाने तो फाडला. दर्शना आमची सगळ्यात उंच मुलगी आणि सगळ्यात भांडकुदळ. मागे एका सामन्यात तिने एकच चांगला पास दिला होता, तर कागदावर तिच्यापुढे शून्य होतं. ती भांडायला आली. मला तो पास पुकारल्याचं आठवत होतं, पण तेव्हा इतका आरडाओरडा होता की मितेशला ऐकू गेलं नसेल म्हणून आम्ही हसून सोडून दिलं.

एवढं हसू पुरे. रत्नाची निवड झाली नाही.

विद्यापीठाने यंदा कळवलं होतं की पास देणाऱ्या मुलींत सामन्यागणिक सरासरी पाच असेल तिलाच शिबिराच्या निवड चाचणीला बोलावू. रत्नाचे बारा सामन्यांत त्रेपन्न झाले. सरासरी चार पूर्णांक चार. सर दोन वेळा फोनवर बोलले, पण तिकडचे म्हणाले की तालुक्यातालुक्यातून सगळेच असं सांगतात, आम्ही आकडा बघतो.

मामा, मी बाकावरून प्रत्येक सामना बघितला आहे. मला वाटत होतं ती सहज पाचाच्या वर असेल. पण डोळ्यांना आवडतं ते जास्त दिसतं, असं सर म्हणाले आणि मलाही ते पटलं. रत्नाने सगळ्यांचे चेंडू गोळा करून जाळीत भरले आणि मला म्हणाली की मुरबाडच्या सामन्यात मी दोन पास घाईत टाकले गो, ते नीट दिले असते तर. दोन दिले असते तरी पाच होत नव्हते, हे तिला सांगायचं माझ्या जिवावर आलं.

दिवाळीला येणं जमणार नाही, परीक्षा आहे. मामीच्या चकल्या भरतबरोबर पाठवा, आणि तो वाटेत खातो हे लक्षात ठेवून पाठवा. आमच्यावरचं प्रेम मात्र त्याच्या हाती देऊ नका, ते थेट असू द्या.

तुमची,
रंजिता


सिद्धगड पायथा
२४ नोव्हेंबर २०२४

चि. रंजिताला आशीर्वाद.

त्या मुलीचं वाचून वाईट वाटलं. मामी तर चकल्या तळता तळता थांबली. पण खेळात असं व्हायचंच, तू मनाला लावून घेऊ नकोस.

तुला हसवायला इकडची गंमत लिहितो. झोडणी झाली, खळ्यावर भाताच्या राशी पडल्या. गिरणीवाल्याने माप लिहून घ्यायला यंदा नवा माणूस पाठवला, ऋतिक नावाचा, कल्याणकडचा. मी पायली भरून पुकारायचं आणि त्याने रेघ मारायची. मी मोठ्याने म्हणालो, लाभ. तर त्याने पेन्सिल कानावर ठेवली आणि राशीला दोन्ही हात जोडले. मी म्हटलं, पोरगा देवभोळा दिसतो. प्रत्येक राशीला त्याचं तेच. शेवटी मामीने पोती बघितली आणि म्हणाली की आकडा कमी येतोय. बघतो तर दर राशीला एक पायली गायब. त्याला वाटलं, लाभ म्हणजे मोजणीच्या आधीचा नमस्कार, मोजणी त्यानंतर सुरू होते. पहिली पायली त्याने कुठेच धरली नव्हती. मी इतका हसलो की बहिऱ्या कानांत दडे बसले. आता तो मला बघितलं की लांबूनच एक बोट वर करतो.

नव्या तांदळाची पिशवी भरत घेऊन येईल. खाताना आमची आठवण ठेवलीस म्हणजे झालं.

तुझा मामा,
देवजी


शेणवा
५ डिसेंबर २०२४

ती. स्व. मामा,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवत होते. ऋतिकने हात जोडले तिथे आई हसली आणि मी वाचायची थांबले. आई विचारत राहिली की काय झालं, आणि मी त्याच ओळी पुन्हा वाचत होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासालाच मितेशला गाठलं. विचारलं की मी लाभ म्हणायचे तेव्हा तू काय करायचास. तो म्हणाला की काही नाही, तुझं ते शुभ असतं ना, मुलीच्या नावाने काहीतरी चांगलं बोलतेस, मी पुढच्या नावाची वाट बघायचो. त्याची मान कायम कागदात. मैदानावर पास झालाय हे त्याला दिसलंच नाही, आणि त्यांच्या घरी भात कधी कोणी मोजलं नाही. मामा, प्रत्येक सामन्यातला पहिला पास गेला. बारा सामने, बारा पास. रत्नाचे त्रेपन्न नव्हते, पासष्ट होते. सरासरी पाचाच्या वर जात होती. दर्शना खरं भांडत होती.

मितेश रडवेला झाला. मी त्याच्यावर ओरडले आणि मग लाज वाटली, कारण त्याला कधी सांगितलं होतं मी? मला वाटलं, लाभ म्हणजे एक हे सगळ्या जगाला ठाऊक आहे.

सरांनी लगेच विद्यापीठात फोन केला. शिबिर सुरू झालं होतं, यादी बंद. सर म्हणाले की पुढच्या वर्षी बघू, आणि मग त्यांनाच आठवलं की रत्नाचं हे शेवटचं वर्ष. तिथून मी थेट वाडीवर गेले. रत्नाच्या दाराला दोरी बांधलेली होती. शेजारची म्हातारी बायडी उन्हात बसली होती, ती म्हणाली की रत्ना नाय गो, समदी भट्टीवर गेली, तुला नाय म्हाईत का. मला माहीत नव्हतं. ती गेली त्या आठवड्यात मी परीक्षेच्या नावाखाली तिला भेटलेच नव्हते, कारण तिच्यासमोर काय बोलावं हे मला कळत नव्हतं.

मामा, तिला हे कळवू का? कळवून आता काही परत येणार नाही, उलट जास्तच दुखेल. तुम्ही सांगाल तसं करीन. आज माया असू द्या एवढंच मागते.

रंजिता


सिद्धगड पायथा
१४ डिसेंबर २०२४

चि. रंजिता, आशीर्वाद.

तुझं पत्र मी मामीकडे दिलं नाही, चुलीशी तिचं काम चाललं होतं. मग मीच तिच्याजवळ बसून वाचलं. ती एवढंच म्हणाली की आपन हसत व्हतो त्या गोष्टीला. माझ्या खळ्यावर माझी पायली सापडली, कारण पोती समोर होती, पुन्हा मोजता आली. पोरीचे पास कुठून मोजणार.

टपली मारून तुला तो शब्द मी शिकवला, आणि असंच म्हणत जा हे लिहिणाराही मीच. मला फार खंत वाटते. वाडवडिलांपासून म्हणत आलो, पण ऐकणाऱ्याला कळतो का, हे कधी मनात आलं नाही.

कळव तिला. दुखेल हे खरं. पण आत्ता ती भट्टीवर बसून समजत असेल की आपणच कमी पडलो, आणि जन्मभर तसं समजेल. ते जास्त वाईट. लिहिताना माझ्यावर ढकलू नकोस, मितेशवरही नको. पत्ता बायडीकडे मिळेल, भट्टीच्या मुकादमाचा असेल. पत्र साधं लिही, फार रडू नकोस, नाय तर तिलाच तुझी समजूत काढावी लागेल.

मामी तिच्यासाठी नव्या भाताचे पोहे कांडून ठेवते आहे. ते कोणाच्या हाती पाठवायचे ते कळव. आमची तुझ्यावरची माया काही उणी होणार नाही.

तुझा मामा,
देवजी


वीटभट्टी, भिवंडीजवळ
१० जानेवारी २०२५

प्रिय रंजिता हिला,
रत्नाचा स. न. वि. वि.

तुझं पत्र मुकादमाच्या पोराने आणून दिलं. इथे कोणाला पत्र येत नाही, म्हणून सगळी बाया-माणसं भोवती जमली. मी म्हटलं मैत्रिणीचं आहे, आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन वाचलं.

खरं लिहिते. तुझा राग आला. दोन दिवस तुला उत्तरच लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तू बाकावर बसून लाभ म्हणायचीस ते मला मैदानात ऐकू यायचं. मला वाटायचं, माझ्यासाठी चांगलं मागते आहे. मला ते आवडायचं.

मग आठवत बसले. विटा डोक्यावर घेऊन जाताना मी रोज तेच मोजत होते की कुठे घाई केली, कुठला पास हातातून गेला. मुरबाडचे ते दोन तर फारच. आता ते मोजणं थांबलं. मी कमी पडले नव्हते, हे मला तुझ्या पत्रातून कळलं, आणि त्याचं बरं वाटलं आणि रडूही आलं. सर म्हणतात कागद बदलता येत नाही, तर त्रेपन्न राहू दे तिथे. तू मात्र पासष्ट धर. मितेशला सांग की मी त्याला काही बोलले नाही. दर्शनाला सांग की तिचा पण एक धर, नाय तर ती इथे येऊन भांडेल.

परत येईपर्यंत पावसाळा तोंडावर असेल, परीक्षा होऊन गेलेली असेल. पुढचं काही मला माहीत नाही. पोहे मिळाले. आईने त्यांना दोन दिवस हातच लावू दिला नाही, नुसती वास घेत होती.

तुझ्या पत्रातलं लाभाचं मी आईला सांगितलं. तिने जन्मभर लोकांची खळी झोडली, पोती उचलली, पण मापाला हात लावला नाही, त्यामुळे तिलाही तो शब्द ठाऊक नव्हता. ती इथे संध्याकाळी थापलेल्या विटा मोजते, एकपासूनच. मी म्हटलं, तू पण पहिलीला लाभ म्हण. तर म्हणाली की आपलं असेल त्याला म्हणावं गो, ह्या दुसऱ्याच्या इटा.

शाळेत शिकवलं होतं की पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायचं. लाभ गेला तो गेला. लोभ असू दे.

तुझी,
रत्ना