बाबांनी मोडलेला विसावा

मातान्सास, ४ मार्च १९७४

चि. एवेलियोस सोइलाताईचे अ. उ. आ.

इकडे सगळं क्षेम. तू जिवंत आहेस हे आम्हाला रेडिओवरून कळतं, पत्रावरून नाही. परवा तुझं पियानोवादन लागलं होतं. शेजारच्या मिर्ताने विचारलं, तुझा भाऊ एवढा घाईत का, गाडी चुकत होती का त्याची? मी तिला सांगितलं, बाई, ह्याला जॅझ म्हणतात, आणि ह्याच्यासाठी त्याला मेक्सिकोपासून प्रागपर्यंत बोलावणी येतात. बाबांनी मात्र तुझं नाव ऐकताच टोपी चढवली आणि कोपऱ्यावर डॉमिनो खेळायला निघून गेले. जोडीनं नाचायच्या जुन्या दान्सोनचा त्यांचा वादकांचा ताफा सोडून तू अठराव्या वर्षी हवानाच्या कॅबरेत वाजवायला गेलास, तेव्हापासून त्यांनी तुझा एक सूर ऐकलेला नाही. आता एक्क्याऐंशी पूर्ण झाली, पण हट्ट अजून तरणाबांड आहे.

पत्रास कारण की, आमच्या दान्सोन मंडळाच्या ओफेलियाबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. सतरा तारखेच्या रविवारच्या नाचाला पियानोवर कुणी नाही. मी तुझं नाव सुचवलं. अध्यक्ष म्हणजे आपले बाबाच. त्यांनी मिशी ओढली. मग म्हणाले, येऊ दे. पण कागदावर असेल तेवढंच वाजवायचं, स्वतःची अक्कल हवानातच ठेवून यायचं.

तेव्हा ये. पेरूची वडी आणि चीज ठेवते. रेशनच्या कॉफीत निम्मे भाजलेले वाटाणे असतात, त्याबद्दल तक्रार चालणार नाही.

तुझी ताई

हवाना, ९ मार्च

ती. सोइलाताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मला अक्कल आहे हे बाबांनी प्रथमच कबूल केलं, म्हणून ते पत्र चौकटीत लावणार आहे. रविवारी येतो.

थट्टा राहू दे. ताई, खरं सांगतो, बाहेरगावी लोक उभे राहून टाळ्या वाजवतात आणि मी पहिल्या रांगेत एकच माणूस शोधत असतो. तो नेमका मातान्सासला डॉमिनो खेळत असतो. मला पियानोवर बसवलं त्यांनी, डाव्या हातावर रूळ मारला त्यांनी, आणि त्या हातांचं पुढे काय झालं हे ऐकायला तेवढे ते येत नाहीत. मरण्याआधी त्यांनी एकदा तरी ऐकावं. आधी कोण मरेल ते सांगता येत नाही, त्यांची तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे.

म्हणून एक बेत आहे. दान्सोनमध्ये पहिली चाल फिरून आली की तुम्ही सगळे नाचायचं थांबता, पंखे उघडता आणि गावभरच्या कुचाळक्या करता. त्या विसाव्यात पियानोकडे कोण लक्ष देतं? तिथे थोडं माझं घुसवीन. चोरी पकडली गेली तर तू माझी ताई नाहीस असं सांग.

लहानपणापासून करतेस ती माया तशीच राहू दे.

एवेलियो

हवाना, १९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

घरी न येता तशीच गाडी पकडली, राग मानू नकोस. पेरूची वडी मिर्ताला दे.

दोन विसावे मी शहाण्यासारखे वाजवले. तिसऱ्यात हात सुटले. थोडं म्हणता म्हणता बरंच लांबलं. तुमचं छत गळतं म्हणून पियानो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला, तेव्हा मला फक्त ओलीचे डाग दिसत होते. पण ऐकू येत होतं. आधी पंख्यांची फडफड थांबली, मग बोलणं थांबलं. सगळा हॉल चिडीचूप. तेव्हाच समजलो की पकडलो गेलो. उरलेलं कागदाबरहुकूम संपवून वळलो, तर दारातून बाहेर पडणाऱ्या बाबांची पाठ दिसली. बाकीचे माझ्याकडे टकमक बघत होते. 

बावन्न वर्षांच्या माणसाने लिहू नये, पण मला फार लागलं. ओफेलियाबाईंचे डोळे लवकर सुधारोत. मला पुन्हा बोलावू नकोस.

एवेलियो

मातान्सास, २५ मार्च

चि. एवेलियोस अ. उ. आ.

अरे गाढवा, तुला भिंत दिसली. आम्हाला काय दिसलं ते आता ऐक.

तिसरा विसावा आला तेव्हा मी पंखा उघडून मिर्ताला तिच्याच सुनेबद्दल चार गोष्टी सांगत होते. बाबा माझे जोडीदार. विसाव्यात हात सोडतात, त्यांनी सोडला नाही. मग त्यांची बोटं माझ्या हातावर ताल धरू लागली. मी हळूच म्हटलं, बाबा, विसावा आहे. ते म्हणाले, मला शिकवू नकोस, पाय उचल. आणि नाचले! विसाव्यात एक पाऊल टाकलं म्हणून ज्यांनी मिर्ताच्या नवऱ्याला चारचौघांत घरी पाठवलं होतं, ते आपले बाबा भर विसाव्यात, एकटे मला घेऊन, तू थांबेपर्यंत नाचले. हॉल गप्प झाला तो ह्यामुळे. तुझ्यामुळे नव्हे, उगाच फुगू नकोस.

बाहेर गेले ते डोळे पुसायला. अध्यक्षाला रडताना पाहिलं तर मंडळात शिस्त काय राहील, असं त्यांचं म्हणणं. तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली आहे. ती मी मोडते आहे, आणि मोडताना मीही रडते आहे, म्हणून अक्षर असं.

काल मंडळाच्या बैठकीत त्यांनी स्वतःविरुद्ध ठराव मांडून स्वतःला महिनाभर नाचायची बंदी केली. आता म्हणतात, रिकामाच आहे तर हवानाला जाऊन दंतवैद्याला दाखवून येतो. त्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही हे तुला ठाऊक आहेच. पांढरा सूट इस्त्रीला टाकलाय. मघाशी मला विचारत होते, एवेलियोच्या त्या संगीतात नाचता नाचता थांबून उभं कधी राहायचं असतं? मी म्हटलं, बाबा, तिथे लोक खुर्चीवर बसून ऐकतात. त्यांनी मिशी ओढली आणि म्हणाले, त्याला कळव, पुढच्या दोन खुर्च्या बाजूला काढून ठेव, नाचायला जागा लागेल.

शनिवारी तुझ्या कार्यक्रमाला आम्ही दोघं येतो. माया आहे तशीच आहे. तू खुर्च्यांचं बघ.

तुझी ताई