सोलांनी घासलेले सम्राट

मालवण,
नागपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय किशोरी,

पाकीट बघून घाबरू नकोस. आई ठीक आहे, मीही ठीक आहे. हातात फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. पण फोनवर तू आधी डॉक्टर काय म्हणाले ते विचारतेस, मग गोळ्या, मग मी जेवलो का, आणि तेवढ्यात तुझी मीटिंग सुरू होते. शिवाय आई शेजारीच बसलेली असते आणि तिच्यादेखत तिच्याविषयी बोलायला माझी जीभ रेटत नाही. परवा तू म्हणालीस, या चतुर्थीला येत नाही, ती मला ओळखतच नाही तर मी येऊन काय करू, बाबा? मी नुसतं 'बरं' म्हटलं. मला ते मुळीच बरं वाटलेलं नाही. तू यावंस असं मला फार वाटतं, आणि का वाटतं ते नीट सांगायचं तर जरा लांबून यावं लागेल. चहा घेऊन बस आणि मग वाच.

मे महिन्यातलं मी विसरलेलो नाही. तू दारात उभी राहिलीस आणि आईने तुला पाहुण्यासारखी खुर्ची दिली, पाणी दिलं, वर गुळाचा खडा ठेवला. मग मायेनेच विचारलं, "तू कोणाचां चेडू गो?" तू ते हसण्यावारी नेलंस. पण संध्याकाळी तुझ्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "काळोख पडाच्या आदी घराक जा बाय, तुजी आवस वाट बघीत आसतली." तुझ्या आईनेच तुला 'आईकडे जा' म्हटल्यावर तू मोरीत जाऊन नळ सोडून किती वेळ उभी होतीस, ते मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी रजा शिल्लक असताना तू कणकवलीहून गाडी पकडलीस. मी तुला दोष देत नाही, पोरी. माझंही काही वेगळं नाही. कधी मी तिचा नवरा असतो, कधी 'फोटोवालो'. फोटोवाला असलो की ती पदर सारखा करून ताठ बसते आणि फोटो कधी मिळणार म्हणून विचारते. उद्या मिळेल, असं सांगतो. मला सवय झाली, कारण मी रोज इथे आहे. तुला ती सवय व्हायला वेळच मिळाला नाही.

आता आपल्या नाण्यांचं. तुला आठवतं का, सगळं कुठून सुरू झालं ते? माझा वर्गमित्र प्रीतम जहाजावर होता. कुठल्याशा बंदरातल्या जुन्या बाजारातून त्याने मला एक तांब्याचं नाणं आणून दिलं होतं, कॉन्स्टंटाइन नावाच्या रोमन बादशहाचं. तू तेव्हा शाळेतून थेट माझ्या फोटो स्टुडिओत यायचीस. काउंटरवर चढून तू भिंगातून ते पाहिलंस आणि विचारलंस, "बाबा, हा आपल्याकडे का बघत नाही?" मी म्हटलं, बादशहा आहे तो, आपल्याकडे कशाला बघेल? उभ्या जन्मात मी मालवणातल्या लोकांना 'इकडे बघा, हलू नका' म्हणत आलो. न हलता, एका बाजूला बघत सतराशे वर्षं बसलेलं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच मिळालं. बापलेकीला नाद लागला तो तिथून. तुझ्या दर वाढदिवसाला एक नवा चेहरा घ्यायचा, तोच चेहरा दुसऱ्यांदा नाही, आणि नाणं झिजलेलं चालेल पण नाक-डोळे दिसले पाहिजेत, असे नियम तूच केले होतेस. मुंबईच्या व्यापाऱ्याकडून पार्सल आलं की तू जेवायची थांबायचीस. ओथो कुठे मिळेना. तीन महिने राज्य केलेल्या माणसाची नाणी ती किती असणार? शेवटी मिळाला तो खोटा निघाला, साच्यात ओतलेला, आणि तू दोन दिवस माझ्याशी अबोला धरलास, जणू मीच तो ओतला होता.

आई मात्र आपल्याला हसायची. मेलेल्यांचे फोटो जमवतात म्हणायची. पण चेहरे तिलाही पाठ होते. बाकदार नाकाचा गाल्बा पाहून म्हणाली होती, "ह्येचां नाक बघा, आमच्या भाईचांच!" आणि पुढे कितीतरी दिवस शेजारचे भाई तांडेल अंगणात आले की आपण तिघं एकमेकांकडे बघायचो नाही. दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या पाटावर ती नाण्यांचे दोन्ही ट्रे मांडायला लावायची. घरात पैसा म्हणावा असा तोच आहे, मग पुजायला नको? हळदकुंकू लावू नकोस म्हणून मी दरवर्षी ओरडायचो आणि ती दरवर्षी माझी नजर चुकवून ऑगस्टसच्या कपाळाला बोट लावायची. हे सांगतोय ते उगाच नाही. पुढे जे झालं ते त्या पाटामुळेच झालं.

श्रावण लागला तशी घरकामाला येणाऱ्या हिराने देवाची भांडी काढली. तुला माहीत आहे, आपल्याकडे चतुर्थीच्या आधी पितळ-तांबं कसं उजळवतात ते. कोकमाची सोलं भिजत घालायची, त्या आंबट पाण्यात भांडी बुडवायची आणि राख घेऊन नारळाच्या सोडणाने घासायची. आईचं ते आवडीचं काम. हिरा विहिरीवर गेली होती आणि मी बाजारात. मी परत आलो तर पडवीत उन्हाची तिरीप आली होती, तिथे सूप ठेवलं होतं आणि सुपात वरच्या ट्रेमधले आपले सगळे सम्राट वाळत पडले होते. समई, ताम्हन, घंटा आणि त्यांच्या शेजारी नीरो, ट्रेजन, हेड्रियन. दरवर्षी पाटावर बसतात म्हणजे ते देवाचेच, एवढं तिच्या डोक्यात पक्कं होतं. नाण्यांच्या कपाटाची चावी कुठे असते ते मात्र ती विसरलेली नव्हती.

किशोरी, तुला वेगळं सांगायला नको. तांब्याच्या नाण्यावर शेकडो वर्षांत जो हिरवट-काळसर थर धरतो, त्याला आपण जपतो. बाकीचे लोक त्याला कळंक म्हणतात. तो गेला की नाण्याची किंमत जाते, आणि बरेचदा त्याच्याबरोबर डोळा, ओठ, केसांच्या रेषाही जातात. नीरोची नुसती हनुवटी उरली होती. हेड्रियनची दाढी गुळगुळीत झाली होती. सगळे नव्या घागरीसारखे लालभडक चमकत होते. मी पिशवी तिथेच ठेवली आणि धक्क्यावर जाऊन बसलो. मला रडायला आलं, आणि ते नाण्यांसाठी की आणखी कशासाठी हे मला तेव्हा कळलं नाही. मी घरी आलो तेव्हा ती हात धुऊन, वेणी घालून उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, "चवथ इली मां? देवाचां सगळां घासून ठेवलंय. तुमी जेवलात नाय, खंय होतात?" कित्येक महिन्यांनी ती इतकं सलग आणि इतकं बरोबर बोलली होती. महिना बरोबर, सण बरोबर, आणि मीही तिचा नवरा होतो. मी पानावर बसलो.

दुसऱ्या दिवशी तिचे हात पुन्हा सुरू झाले. ते तू मे महिन्यात पाहिलंस, चादरीचे धागे ओढणं, पदराची टोकं पिळणं. मी तिच्यापुढे ताम्हन ठेवलं. तिने ते उलटंसुलटं पाहिलं आणि बाजूला सारलं. "ह्यां घासलेलां आसा. माका फसयतास?" तिला फसवता येत नाही हे मला आवडलं, खरं सांगतो. दुपारपर्यंत ती रडवेली झाली. तेव्हा मी खालच्या खणातला दुसरा ट्रे काढला. तो तिच्या हाती लागला नव्हता. त्यातला क्लॉडियस, जो तसाही फारसा चांगला नव्हता, तो मी माझ्या हाताने तिच्या तळहातावर ठेवला. ती शांत झाली. घासता घासता मधेच थांबून नाणं माझ्यापुढे धरायची आणि विचारायची, "ह्यो कोण?" मी सांगायचो. ती मान हलवायची, जणू पाहुण्यांची ओळख करून दिली. त्या तासाभरात माझ्या घरात माझी बायको होती. मग मी रोज एकेक देऊ लागलो.

हे सगळे चेहरे मी तुला देतो, असं तू दहावी झालीस तेव्हा मी म्हटलं होतं. तेव्हा तुझ्या वस्तू मी तुला न विचारता देतोय, आणि त्याचं मला वाईट वाटतं. चांदीची नाणी मी भाईंकडे नेऊन ठेवली आहेत, ती तुझीच राहतील. फोटो सगळ्यांचे आहेत, आडव्या उजेडात काढलेले, प्रत्येक सुरकुती दिसेल असे. पण तांब्या-पितळेचे फार थोडे उरतील, बहुधा काहीच नाहीत. तू रागावलीस तर मला सांग. मी मात्र थांबणार नाही. तिचे हात रिकामे बसलेले मला बघवत नाहीत.

काल नागपंचमी होती. मी ट्रेमधून अँटोनायनस काढत होतो, तर तिने मला थांबवून स्वतःच हात घातला आणि धाकटी फॉस्टिना उचलली. राणीचं ते मोठं पितळी नाणं तूच निवडलेलं होतंस, बादशहा पुरे झाले म्हणून. आईने ते सोलांच्या पाण्यात बुडवलं, पण राख घेतली नाही. नुसत्या अंगठ्याने हळूहळू चोळत राहिली. चेहरा वर आला तशी ती थांबली. मी वाट बघत होतो, आता विचारेल, ह्यां कोण म्हणून. तिने विचारलं नाही. नाणं माझ्याकडे वळवून तीच मला सांगायला लागली, "ह्यां माजां किशोरी." मला वाटलं माझ्या कानांचाच दोष. तिने राणीच्या मानेवरच्या अंबाड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "अंबाडो मिया घातलो. हलता मेलां, गप बसना नाय." तुझ्या शाळेच्या गॅदरिंगला तिने तुला असाच अंबाडा घातला होता. तू हलत होतीस आणि ती तोंडात आकडे धरून तुझ्यावर ओरडत होती. वर्षभर तुझं नाव तिच्या तोंडून आलेलं नाही, किशोरी. तुझे फोटो मी किती वेळा दाखवले, मी स्वतः काढलेले. ती ते पालथे घालून ठेवते. आणि काल रात्रीचं जेवण होईपर्यंत ती ते नाणं मुठीतून सोडायला तयार नव्हती. आज सकाळी उठून तिने पहिल्यांदा तेच मागितलं आणि पुन्हा चोळायला घेतलं. राणीचं नाक आता सपाट झालंय. अंबाडा अजून बोटाला लागतो, पण रोज असं चोळलं तर तोही राहायचा नाही, आणि मला तिच्या हातातून ते काढून घेववत नाही. म्हणून हे पत्र आजच टाकतोय. चतुर्थीपर्यंत थांबू नकोस, मिळेल त्या गाडीने ये. ती तुला ओळखेलच असं मी लिहून देत नाही. डॉक्टरही देणार नाहीत. फक्त माझं एक ऐक. तू केस कापलेस हे मला माहीत आहे, तरी जमेल तसे मागे बांध, मानेवर, गंगावन लावावं लागलं तरी चालेल. आणि घरात आलीस की तिच्या समोर जाऊन उभी राहू नकोस, तिला काही विचारूही नकोस. पडवीत तिच्या शेजारी खुर्ची ठेवतो, त्या खुर्चीवर बाजूला तोंड करून, माडांकडे बघत, अजिबात न हलता बस. उजेडाचं मी बघतो.

तुझा, आणि आज तरी तुझ्या आईचाही,
बाबा