नाव घातलेली कळशी

पोफळी,
२० जानेवारी १९८६

प्रिय गोदा,

हे पत्र सुगंधा शाळेत आणि तुझ्या सासूबाई शेजारी बसायला गेलेल्या असतील तेव्हाच वाच. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच चुलीत घालशील, या भीतीने वरचा पत्ता मी ह्यांच्याकडून लिहून घेतला. म्हणजे सुरुवातच फसवणुकीने झाली. पण आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच, मधेच टाकू नकोस. सांगायचं आहे ते शेवटी आहे आणि तिथवर पोचायला मला वेळ लागणार आहे. तोंडाने मी किती फटकळ ते तू जाणतेस, पण गेले तीन दिवस तुझ्या नावापुढे माझी लेखणी सरकत नव्हती.

लोट्याचा तुझा नवा पत्ता जैनुद्दीनभाईंनी दिला. ते हल्ली तिकडच्या कारखान्यांतला भंगार पत्रा उचलायला जातात. सांगत होते, गोदाबाईंनी चहा केला आणि आमच्या बालवाडीतल्या एकेका पोराचं नाव घेऊन विचारलं, केरूचा दात पडला का, इद्रीस अजून डबा खाताना रडतो का. मी विचारलं, आणि माझं काही? तर भाई टोपी सारखी करत म्हणाले, "घाईत होत्या त्या." भला माणूस आहे. तर ऐक, केरूचा दात पडला आणि तिथे दुसरा आलाही. इद्रीस आता रडत नाही, उलट शेजारच्याचा डबा संपवतो. बालवाडी सखूबाईंची भाची बघते. ती हातात पट्टी ठेवते. मुलं तिला 'बाई' म्हणतात, तुला 'गोदामावशी' म्हणायची.

मोडीची योजना माझीच होती, हे मी कॉलनीत ज्याला त्याला ऐकवायची. चौऱ्याऐंशी साली सगळ्यांना स्टीलचं वेड लागलेलं. पितळ घासून हात झिजले म्हणत बायका हंड्या-कळशांवर उठल्या होत्या, आणि फिरते भांडीवाले एका हंड्यावर दोन तकलादू पातेली देऊन त्यांना गंडवत होते. म्हणून मी महिला मंडळात ठराव आणला, की महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळ्या घरांतली मोड मंडळानेच गोळा करायची, चिपळूणहून जैनुद्दीनभाईंचा टेम्पो येऊन घेऊन जाईल, आणि त्यातून बालवाडीला खेळणी येतील. भाईंची एकच अट होती. बायका आणतील ते सगळं घ्यायचं, डबे, बाटल्या, रद्दी, पत्रा, पितळ, निवडानिवड करून कोणाला परत पाठवायचं नाही. मला ते कसं पटणार? मी चिटणीस! नियम नसतील तर चिटणीस हवी कशाला? मी मोठा पुठ्ठा आणून त्यावर काय घेतलं जाईल आणि काय नाही ते लिहून काढलं. औषधाच्या बाटल्या बुचासकट घेऊ, रॉकेलच्या नाही. रद्दी सुतळीने बांधलेली हवी. डालड्याचा डबा आतून पुसलेला हवा. पोतं आणलं तर टेबलावर रिकामं करून दाखवायचं. आणि सगळ्यांत खाली तांबड्या शाईने, 'नाव घातलेले भांडे त्या नावाची व्यक्ती स्वतः हजर असल्याखेरीज स्वीकारले जाणार नाही.' भाई वाचून हसले होते. "ताई, मोडीला नाव नसतं. आम्ही तोलून घेतो, वाचून नाही." मी त्यांनाच सुनावलं, की चोरीचा माल असाच खपतो. तसं त्या नियमाला कारणही होतं. मागच्या चाळीतली गंगुबाई बाळंतपणाला माहेरी गेली असताना सासूने तिची लग्नातली भांडी मोडीत काढली होती आणि ती माझ्या पायरीवर बसून रडली होती. पण खरं सांगते, तो पुठ्ठा भिंतीला लावल्यावर मी दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि मला गंगुबाई आठवली नाही. अक्षर किती सुरेख आलंय, एवढंच मनात आलं.

नवरात्रातला तो शनिवार. तू मुद्दाम सगळ्यांच्या मागून आलीस, पण त्या दिवशी बायका हलायलाच तयार नव्हत्या. तुझ्या पोत्यात वर डबे होते, खाली रद्दी, आणि रद्दीत गुंडाळलेली ती कळशी. तू पोतं तसंच टेम्पोकडे सरकवत होतीस. मीच म्हटलं, टेबलावर रिकामं करा. रोज 'गं गोदा' म्हणणारी मी टेबलामागे बसले की सगळ्यांना 'अहो-जाहो' करायची, त्यात तूही आलीस. कळशीच्या गळ्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं आणि ते कशाने तरी खरवडलेलं होतं. मी कळशी उजेडाकडे तिरकी धरली, चष्मा पुसला आणि शाळेतल्या मुलीसारखं खणखणीत वाचलं, 'सौ. काशी भागोजी'. या काशीबाई कोण हो? त्यांना घेऊन या. आणि नाव खरवडलंय कोणी? तू पुढे वाकून हळूच म्हणालीस, "मथुराताई, घरी येऊन सांगते." हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. कारण मी त्यावर आवाज चढवून म्हणाले, की मंडळात घरचं-दारचं नसतं, काय ते इथे सगळ्यांसमोर सांगा. तू सांगितलं नाहीस. कळशी पदराखाली घेतलीस आणि उन्हातून सरळ गेलीस. डबे-रद्दी तिथेच राहिली. ती मात्र मी नियमाप्रमाणे घेतली.

पुढचं तुला माहीत आहे, पण मंडळात काय झालं ते माहीत नसेल. चोर हा शब्द मी वापरला नव्हता, असं मी कितीदा तरी स्वतःला बजावलं आहे. तो वापरायची गरजच उरली नव्हती. त्या आठवड्यात बायकांनी आपापली भांडी मोजली. कोणाचं काही गेलं नव्हतं. तरी, 'आमच्या घरातलं नसेल, पण कोणाचं तरी आहेच ना,' असं म्हणत होत्या. तू देशील ते हळदीकुंकू घ्यायचं की नाही यावर कुजबूज झाली. मग सभा झाली, की अशा बाईच्या हाती मुलं कशी द्यायची. त्या सभेत मी तोंडातून ब्र काढला नाही. इतिवृत्तात मात्र माझ्याच हाताने लिहिलं, 'सौ. गोदा यांनी घरगुती अडचणीमुळे बालवाडीचे काम स्वखुशीने सोडले.' तुझ्या ह्यांनी, हरिश्चंद्रभावोजींनी, इथली कायमची नोकरी सोडून लोट्याच्या कारखान्यात पाळी धरली ती कशामुळे, हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. तुमचं सामान ट्रकवर चढत होतं तेव्हा मी पडद्याआड उभी होते. सुगंधा माझ्या खिडकीकडे बघून हात हलवत होती. तेव्हाही मी बाहेर आले नाही.

मे महिन्यात मी दापोलीला आतेभावाच्या लग्नाला गेले होते. येताना एसटीत माझ्या शेजारी एक म्हातारी बसली. यमुनाबाई नाव. कुठे जातेस विचारलंन, मी पोफळी म्हटलं. तर एकदम माझा हात धरून म्हणाली, "माजी काशी तितंच असते की गो." मी म्हटलं, आमच्याकडे काशी कोणी नाही. तर म्हणाली, "तिकडं गोदा म्हनतात तिला." गोदा, मी तिच्याकडे वळून बसले. तिने मग सगळंच सांगितलं. तिचा मुलगा भागोजी मुंबईत काविळीने गेला तेव्हा तू वीस वर्षांचीही नव्हतीस, पदरात मूल नव्हतं, आणि या बाईने स्वतःच्या भावाला स्थळ बघायला लावून तुझं दुसरं लग्न करून दिलं. "सून कसली, लेकच ती माजी. मोकळ्या हातानं कशी धाडू? लग्नातली कळशी दिली." तुझ्या नवऱ्याला सगळं माहीत आहे पण नव्या सासूला नाही, आणि कळलं तर ती घरात ठेवणार नाही, हेही तीच म्हणाली. मग मला आपोआप आठवलं. त्या सप्टेंबरात सुगंधाला नुकतं वाचता येऊ लागलं होतं. माझ्या स्वयंपाकघरात येऊन तिने फळीवरच्या एकेका भांड्यावरचं नाव मोठ्याने वाचलं होतं आणि मी तिला खडीसाखर दिली होती. आणि तुझ्या सासूबाई दिवाळीला कायमच्या राहायला येणार होत्या. तुला कळशीचं काही नको होतं. तुला फक्त ते नाव, पोरीने आजीला वाचून दाखवायच्या आत, वितळायला हवं होतं. चिपळूणच्या कासाराकडे दिलं असतं तर चार प्रश्न आले असते. माझ्याकडे आणलंस, कारण मी तुझी मैत्रीण होते.

उतरताना यमुनाबाईंनी कुळथाचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. माहेरून आलं म्हणून तिला दे म्हणाल्या. तू पोफळी सोडून दोन महिने झाले होते. का सोडलीस ते मला माहीत होतं. मी गाठोडं घेतलं, हो म्हटलं. घरी आणून डब्यात ठेवलं आणि पुढे पावसाळ्यात भाजी मिळेना तेव्हा त्याचं पिठलं केलं. ह्यांनी दोनदा मागून घेतलं. मीही खाल्लं. चवीला चांगलं होतं. या सगळ्यात ही गोष्ट सर्वांत लहान असेल, पण लिहिताना मान खाली जाते ती हिच्यामुळेच.

तेव्हाच मंडळात उभं राहून सांगायला हवं होतं, असं तू म्हणशील. मी स्वतःला कारण दिलं, की तुझ्यावरचा आळ काढायचा तर कळशी कोणाची ते सांगावं लागेल, आणि ते सांगितलं तर तुझं घर मोडेल. कारण खरं होतं, म्हणून तर ते मला आठ महिने पुरलं. त्याच्या आडोशाला मी नीट राहिले. शेवटच्या शनिवारी टेबलामागे बसले, नियम वाचून दाखवले, रॉकेलच्या बाटल्या परत केल्या. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही जळला नव्हता.

परवा शुक्रवारी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. वाण म्हणून स्टीलच्या वाट्या होत्या. वाटताना सखूबाई म्हणाल्या, "नावं घालून घ्या गो बायांनो, गोदा परत आली तर?" सगळ्या हसल्या. आणि गोदा, मीही हसले. अगदी सवयीने, जसं शेजारणीच्या जांभईबरोबर जांभई येते. मग माझंच हसणं माझ्या कानावर आलं आणि मला तिथे बसवेना. मी उभी राहिले. कळशी माझी होती, म्हटलं. काशी म्हणजे माझी राजापूरकडची मावसबहीण, तिची कळशी माझ्याकडे पडून होती. मला ती तिला न विचारता मोडीत काढायची होती, पण नियम माझाच, मग मी कशी आणणार? म्हणून नाव मी खरवडलं आणि कळशी गोदाच्या पोत्यात घातली. बायका हलेनात, म्हणून पोतं रिकामं करायला लावावं लागलं, सगळ्यांच्या नजरा वळल्यावर घाबरले आणि तिच्यावर उलटले. ती मैत्रीला जागली, म्हणून गप्प राहिली. एकीनेही शंका काढली नाही. इतकं मोठं खोटं त्यांना लगेच पटलं, कारण त्यातली मथुरा त्यांच्या ओळखीचीच होती. चिटणीसपद गेलं, पुठ्ठा उतरला, काल नळावर माझ्यासाठी कोणी जागा सोडली नाही. ते योग्यच झालं, त्याचं रडगाणं गायला मी लिहीत नाही. लिहिते ते अशासाठी, की सखूबाईंचा भाऊ गेल्या महिन्यात लोट्याला नोकरीला लागला आहे आणि त्या येत्या रविवारी त्याच्याकडे जाणार आहेत. तुझं घर शोधून त्या नक्की येतील, तुझ्या सासूबाईंसमोर बसतील आणि ती कळशी कोणाची होती ते विचारतील. त्याआधी हे पत्र तुला मिळायला हवं. तू फक्त म्हण, मथुराताईंची होती. मग माझ्याबद्दल तोंडाला येईल ते बोल, शिव्या दे, मैत्रिणीने गळा कापला म्हण. त्यात तुला एक शब्दही खोटा बोलावा लागणार नाही.

तुझीच,
मथुरा