चटया धुणाऱ्यांची जागा

मशिदीत बायकांना जागा नाही, हे तू मला आजवर ऐकवलंस. शुक्रवारी तुझ्या बहिणीबरोबर मी इथल्या मशिदीत नमाज पढून आले. आता सलाम घे.

माझी तब्येत बरी आहे, गुडघ्याची काळजी करू नकोस. जावई स्वतः चहा करतो. पाणचट करतो, पण करतो.

इथे बायकांना वेगळी खोली आहे, म्हाताऱ्यांना खुर्च्याही आहेत. तू कमिटीचा मोठा माणूस, आपल्या मशिदीची मागची खोली मोडक्या पंख्यांनी भरून ठेवलीस. पंख्यांना जागा आहे, आईला नाही. आणि तुम्ही ज्या चटयांवर उभे राहता, त्या धुवायला मात्र माझी सून!

तुझे आजोबा सांगायचे, आपल्या वाडवडिलांना लोक दाराबाहेर उभं करायचे. नमाजाला सगळे एका रांगेत उभे राहतात, हे बघून ते इस्लामच्या दीनात आले. मग मी जन्मभर दाराबाहेर कशी रे?

तुझ्या धाकट्या लेकीचा खोकला गेला का? सुनेला सांग, पंखे हलेपर्यंत एकही चटई धुवायची नाही. खोली रिकामी झाली की नाही, ते तिनंच मला लिहायचं. तू फक्त पाकिटाला तिकीट चिकटव.

तुझी अम्मी