बाळाला उचलायची भीती

प्रिय ताई,

फोनवर हे बोलता येईना. दोनदा लावला आणि "काही नाही, सहज" म्हणून ठेवून दिला, म्हणून हे पत्र. आईला दाखवू नकोस.

बाळंतिणींच्या वॉर्डात तू नव्या आयांना बाळाला धरायचं कसं, अंघोळ कशी घालायची ते शिकवतेस आणि त्याने त्यांची धास्ती कमी होते का ते तपासतेस, असं तू सांगितलंस तेव्हा मी सगळ्यांसमोर खो खो हसलो होतो. "मूल सांभाळायला संशोधन कशाला लागतं?" म्हणालो. ते आठवलं की आता मान वर करवत नाही.

मी काचा बसवणारा माणूस. माझ्याहून उंच काच खांद्यावर घेऊन जिने चढतो. पण पिल्लू घरी आल्यापासून मी त्याला एकदाही उचललेलं नाही. कोणी पुढे केलं की हात मळलेत म्हणतो, सर्दी झालीय म्हणतो, गिऱ्हाईक थांबलंय म्हणतो. त्याची मान अशी लटपटते की वाटतं, आपल्या हातून काहीतरी होऊन बसेल. तुझ्या भावजयीला वाटायचं, मला पोराची हौसच नाही. मीही तसंच वाटू दिलं. घाबरट म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं.

गेल्या रविवारी ती डोकं धुवायला गेली. पिल्लू पलंगावर, मी दारात उभा. अचानक त्याने दूध ओकलं, ते घशात अडकलं, चेहरा लालबुंद झाला. ताई, मी धावलो, पण त्याच्याकडे नाही. जिन्याकडे. अर्धा जिना उतरल्यावर वरून रडणं ऐकू आलं तेव्हा कुठे पाय थांबले. वर आलो तर तिच्या केसांतून साबण गळतोय आणि ती त्याला कुशीवर धरून पाठ चोळतेय. "कुठे निघाला होतास?" तिने विचारलं. "डॉक्टरला बोलवायला," मी म्हणालो. फोन माझ्या हातातच होता. तिने तो पाहिला आणि नजर फिरवली. भांडली असती तर बरं झालं असतं.

आता तिच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलंय. "तेवढे दिवस पिल्लूला माझ्या आईकडे ठेवू," ती म्हणाली, आणि माझा जीव भांड्यात पडला. त्या सुटकेचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

म्हणूनच काल तुझ्या वॉर्डापर्यंत आलो होतो. दारातून पाहिलं, एका आईचे हात सरावाची बाहुली धरतानाही थरथरत होते. तू हसली नाहीस. तिच्या हातांखाली नुसते आपले हात धरलेस. मग मी दिसलो आणि तू विचारलंस, "काय रे, इकडे कुठे?" इथली खिडकी तडकलीय असं ऐकलं, म्हणालो. तीही थापच.

आज सकाळी हिला सगळं खरं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग शीक की!" ताई, मंगळवारच्या वर्गात मला बसू देशील? आयांना अवघडल्यासारखं होणार असेल तर त्या गेल्यावर येईन. भीतीबद्दल त्यांना जे प्रश्न विचारतेस तेही मला विचार, खोटं बोलणार नाही. पिल्लू माझ्याजवळच राहील, असं मी हिला सांगून बसलोय, आणि अजून त्याला हातसुद्धा लावलेला नाही.

तुझाच,
ढब्या